तोंडाची तीन शेतं

१७ नोव्हेंबर २०२४

ही डायरी सुलक्षणाने आणून दिली. म्हणाली, आबा, फडाबद्दल जे जे आठवेल ते यात लिहा, आम्हाला लागेल. मी सातवीला शाळा सोडली. अक्षर बरं आहे, पण काना-मात्रा चुकतात. नात म्हणते चुकू द्या.

ती आज चार मुलांना घेऊन जळगावहून आली. शेवटच्या वर्षाला आहेत सगळे. पाच-सहा विद्यापीठांच्या मुलांची स्पर्धा आहे, विषय भविष्यातलं शहर. खरीखुरी जागा निवडायची, तिथे शहर कसं वसेल, जमीन कशी घ्यायची, पैसा गुंतवणाऱ्याला काय मिळेल, हे सगळं मांडायचं. रस्ता चौपदरी झाल्यापासून साक्री-धुळे पट्ट्यावर सगळ्यांचा डोळा आहे म्हणे. म्हणून तिने आपलं गाव घेतलं. मला बरं वाटलं. भीतीही वाटली, कारण घरात पाच माणसांना पुरतील एवढी ताटं नाहीत. दोन ताटं शेजारून आणली. त्यांतलं एक परत करायचं राहिलं आहे, सकाळी विसरायला नको.

१८ नोव्हेंबर

मुलांना मळीचा फड दाखवला. सुलक्षणा सोडली तर बाकीच्यांनी फड हा शब्दच ऐकला नव्हता. स्वप्नील नावाचा मुलगा त्यांचा म्होरक्या, चलाख आहे. त्याला सांगितलं, पांझरेवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून फडाची चारी. फडात चौऱ्याहत्तर खातेदार, पण पीक सगळ्यांचं एकच. गहू ठरला तर बठ्ठ्यांचा गहू. पाणी वरून सुरू होतं आणि शेवटच्या वावरापर्यंत जातं. ते कोणाला किती वेळ द्यायचं हे पाटकरी ठरवतो. बेचाळीस वर्षं तो पाटकरी मी आहे.

स्वप्नीलने कॅमेरा लावला. मी टोपी बदलून आलो. त्याने विचारलं, चारी कोणाच्या जमिनीतून येते? मी म्हटलं, तोंडाच्या तीन शेतांतून. तिथून ती सगळ्या फडाला जाते. त्याने विचारलं, त्या तिघांनी पाणी अडवायचं ठरवलं तर?

मी हसलो. म्हटलं, "आजवर कोणी अडवलं नाही. आमच्यात भांडण नाही, कोर्ट नाही, कागद नाही. वरचा सोडतो म्हणून खालचा भिजतो. एवढंच आहे."

"म्हणजे लेखी हक्क असा काही नाही?"

"शब्द आहे. कागद कशाला लागतो?"

सुलक्षणा माझ्याकडे अशी बघत होती की मी आणखी दोन वाक्यं बोललो. मग त्यांनी एका कागदावर सही घेतली, की माहिती स्वखुशीने दिली. मी वळणदार सही केली.

अभिमन बांधावर उभा राहून ऐकत होता. त्याचं वावर अगदी शेपटाला, माझ्या वावराला लागून. मुलं गेल्यावर म्हणाला, "आते टीव्हीवर दिसशी का रे तू, आबा?" आणि हसला. पण नीट हसला नाही.

तो का हसला नाही ते मला माहीत आहे, आणि हे पान मी सुलक्षणाला देणार नाही. ८६ साली पाणी अडलं होतं. मीच अडवलं होतं. तोंडाच्या तीन शेतांतलं एक तेव्हा माझ्या मोठ्या भावाकडे होतं, कांदा होता, तो सुकत होता. मी चारीत गोण्या टाकून दोन दिवस पाणी तिथेच फिरवलं. शेपटाला अभिमनच्या बापाचा गहू ओंबीवर होता, तो गेला. मामलेदार जीप घेऊन आले, चारीवर उभं राहून निकाल लिहिला की या चारीचं पाणी शेवटच्या वावरापर्यंतच्या सगळ्यांचं आहे, वरच्याला अडवता येणार नाही. खाली माझी सही घेतली, कसूर कबूल म्हणून. लोक मला काढणारच होते. अभिमनचा बाप म्हणाला, याच्याकडेच राहू द्या, हा आता चुकायचा नाही.

मी पुन्हा चुकलो नाही. ते नातीला कशाला सांगायचं? कॅमेऱ्यासमोर तर नाहीच.

३ डिसेंबर

सुलक्षणाचा रोज फोन येतो. आधी महिना-महिना येत नसे. आज विचारलं, तोंडाची तीन शेतं कोणाची? मी सांगितलं, एक तानुबाईचं. नवरा गेला, मुलगा नाही, दोन्ही मुली दिल्या. बाकी दोन मगन पाटलाच्या घरची, त्यांतलं एक माझ्या भावाच्या पोरांनी त्याला विकलेलं. मगनची मुलं सुरतला कापडाच्या धंद्यात आहेत, अकरा वर्षांत गावाचं तोंड पाहिलं नाही. विकतील का? मी म्हटलं, सुरतवाले उद्या विकतील. तानुबाई थकली आहे, कोणी बरं बोललं तर तीही नाही म्हणणार नाही.

ती म्हणाली, "आबा, तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही."

बी.पी.ची गोळी घेतली की नाही आठवेना. दुसरी घेतली नाही. दिवसभर धाकधूक.

१९ जानेवारी २०२५

जळगावला आहे. मुलाच्या, भूपेंद्रच्या घरी, मेहरूणला. एस.टी. धुळ्याला दीड तास थांबली, तोवर मी तीनदा पिशवी तपासली.

आज स्पर्धेचा कार्यक्रम झाला. एका मोठ्या कॉलेजचा हॉल, इतका गार की मी कानाला रुमाल बांधला, सुनेने तो सोडायला लावला. सात संघ होते. बोलणं सगळं इंग्रजी. कोणी नाशिकजवळ शहर केलं होतं, कोणी समुद्रकाठी. पडद्यावर काचेच्या इमारती आणि झाडं, झाडं सगळीकडे सारखीच.

आमच्यांचा नंबर आला आणि पडद्यावर मळीचा फड दिसला. वरून काढलेला फोटो. मी एकेक वावर ओळखलं. शेजारी सुटातला माणूस होता, त्याला बोटाने दाखवलं, ते माझं. तोंडाची तीन शेतं त्यांनी लाल रंगवली होती, खालची सगळी पिवळी. मग लाल शेतांतून बाण खाली आले आणि पिवळी शेतं एकेक करून लाल झाली. मला वाटलं, पाणी कसं जातं ते दाखवतात. बरोबर तसंच जातं.

मध्येच माझा व्हिडिओ आला. मी हसून म्हणतोय, वरचा सोडतो म्हणून खालचा भिजतो. खाली इंग्रजीत अक्षरं. ती वाचून लोक हसले, दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांत एक मोठे बांधकामवाले होते, पांढरे केस, सोनेरी चष्मा. त्यांनी सुलक्षणाला प्रश्न विचारला. ती माझ्याकडे हात करून बोलली आणि सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मी उठून नमस्कार केला.

पहिला नंबर आला. मला शाल आणि श्रीफळ दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. पांढऱ्या केसांचे साहेब जेवताना माझ्याजवळ आले, हात हातात घेतला आणि म्हणाले, आबा, तुम्ही खरे तज्ज्ञ. मी त्यांना गावाला यायचं निमंत्रण दिलं.

झोपताना सुलक्षणाला विचारलं, लोक हसले कशाला गं?

"तुमचं बोलणं आवडलं त्यांना."

२१ जानेवारी

गावात शाल दाखवली. अभिमन म्हणाला, "लई ऊबदार शे. चारीवर पांघरीसन जाशी का?" मत्सर वाटत असेल. स्पर्धेचं जाड पुस्तक सुलक्षणाने मला एक दिलं आहे, इंग्रजी आहे, पण माझं नाव पहिल्याच पानावर मराठीत छापलं आहे.

६ मार्च

ते साहेब खरंच आले. निमंत्रण लोक तोंडदेखलं घेतात, पण हे आले. सोबत दोन माणसं आणि नकाशा. मी चहा केला, साखर जास्त पडली बहुतेक. साहेब म्हणाले, तुमच्यामुळे आमचं काम सोपं झालं. काय काम ते विचारणं बरं दिसलं नसतं. तानुबाईचं घर विचारलं. मी स्वतः नेऊन दाखवलं. सुरतवाल्यांचे फोन नंबरही दिले. तिसऱ्या शेताची हद्द नकाशात चुकली होती, दगड कुठे आहे ते मी पायाने माती सारून दाखवलं.

२८ एप्रिल

तानुबाईने शेत विकलं. सुरतवाल्यांनीही. सगळं एका आठवड्यात. साहेबांच्याच कंपनीने घेतलं.

मी तानुबाईकडे गेलो. ती भांडी बांधत होती, थोरल्या मुलीकडे निघाली आहे. म्हटलं, बाई, मला विचारलं असतं. ती म्हणाली, "मी आते कोनासाठे वावर करू, भाऊ? आन तूच तर त्याले घर दाखाले उन्ता."

घरी येऊन दोन वेळा हात धुतले. कशाला धुतले कळलं नाही. साहेब चांगला माणूस आहे. शेत कोणी घेतलं तरी चारी चारीच राहते.

११ जून

तिन्ही शेतांना सिमेंटची भिंत झाली. भिंतीच्या आतली चारी जेसीबीने बुजवली. मी गेलो तेव्हा अर्धी बुजली होती. ड्रायव्हरला म्हटलं, बाबा, हे पाणी आहे. तो म्हणाला, आबा, मला तर माती दिसते. मग त्याने मशीन बंद करून मला पाणी प्यायला दिलं आणि पुन्हा सुरू केलं.

फडातले लोक जमले. सगळे एकच विचारत होते. एवढी गावाची जमीन पडली आहे, रस्त्याला लागून आहे, ती सोडून या बाहेरच्या माणसाला नेमकी हीच तीन शेतं कशी सापडली? कोणालाच माहीत नाही. मीही मान हलवली.

१२ जून

अभिमनची सून किरण शाळेत इंग्रजी शिकवते. तिच्याकडे ते पुस्तक घेऊन गेलो. नकाशाचं पान उघडून म्हटलं, इथे काय लिहिलंय तेवढं सांग.

ती आधी मनात वाचत राहिली. मग मराठीत सांगितलं. "वरची तीन शेतं ताब्यात आली की खालच्या एकाहत्तर खातेदारांना पाणी राहत नाही. लेखी हक्क नसल्याने त्यांना दाद मागता येणार नाही. दीड ते दोन वर्षांत ते स्वतःहून, निम्म्या भावात जमीन देऊ करतील. संपूर्ण फड विकत घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे." त्याखाली बारीक अक्षरात माझं नाव होतं, माहितीचा आधार म्हणून.

किरणने पुस्तक मिटलं. "आबा, हे तुम्ही सांगितलं?"

मी म्हटलं, मी पाण्याचं सांगितलं.

१३ जून

सुलक्षणाला फोन केला. नीट बोलायचं ठरवलं होतं, आवाज चढला. म्हटलं, माझ्या माणसांना उपाशी मारायची युक्ती तू पडद्यावर दाखवलीस आणि मला तिथे बसवून टाळ्या वाजवायला लावल्या.

ती रडली. म्हणाली, "आबा, ती स्पर्धा होती. कागदावरचं शहर होतं. दरवर्षी मुलं करतात आणि फायली कपाटात जातात. कोणी खरंच करेल असं आम्हाला कुठे माहीत होतं?"

खरं बोलत असेल. तिच्या रडण्याचा मला लहानपणापासून त्रास होतो. फोन ठेवल्यावर वाटलं, जेवली असेल की नाही. मग स्वतःचाच राग आला.

२ ऑगस्ट

सुलक्षणाला नाशिकला नोकरी लागली. भूपेंद्रने सांगितलं. कुठे, विचारलं तर म्हणाला, मोठी कंपनी आहे, नाव तुम्हाला कळणार नाही.

फडाच्या लोकांनी कचेरीत अर्ज केला आहे, चारी मोकळी करून द्या म्हणून. वकील म्हणतो, जुना एखादा कागद पाहिजे. अभिमनने पंचायतीत सगळ्यांसमोर सांगितलं, ८६ साली मामलेदारांचा निकाल झालाय. कोणामुळे झाला ते बोलला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

कचेरीत त्या सालचा गठ्ठा सापडत नाही. अभिमनच्या घरची प्रत वाळवीने खाल्ली. तिसरी प्रत माझ्याकडे होती. भूपेंद्रचं लग्न ठरलं तेव्हा, सून घरात येईल, पेटी उघडेल, वाचेल, म्हणून मी ती चुलीत घातली होती. आज सगळ्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, शोधतो. घरी येऊन खरंच पेटी उघडून शोधलं.

१९ सप्टेंबर

वकील म्हणतो, कागद नाही तर साक्ष पाहिजे. निकालाच्या वेळी चारीवर हजर असलेले जिवंत दोघेच, अभिमन आणि मी. अभिमन तक्रारदार आहे, त्याचं वजन कमी. पाटकऱ्याची साक्ष मोठी. मी हो म्हटलं. जेवण जात नाही. पाऊस चांगला झाला, बंधारा भरून वाहतो आहे, आणि बुजलेल्या चारीजवळ पाणी थांबून पुन्हा नदीत जातं. रोज बघायला जातो. न गेलो तर बरं, पण जातो.

१७ नोव्हेंबर २०२५

आज कचेरीत मामलेदार साहेबांपुढे तारीख होती. फडातले तीसेक लोक दोन टेम्पो करून आले. मी अंगरखा, धोतर, टोपी. शाल घेतली नाही.

आत गेलो तर कंपनीच्या वकिलाशेजारी सुलक्षणा बसली होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मला बघून उभी राहिली, मग बसली. ती व्हिडिओ खरा आहे एवढं सांगायला आली होती. तेवढं तिने सांगितलं, माझ्याकडे न बघता.

वकिलाने लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. त्या खोलीत माझाच आवाज. आमच्यात भांडण नाही, कोर्ट नाही, कागद नाही. आपल्या माणसांनी तो पहिल्यांदाच ऐकला. मागे कोणीतरी म्हणालं, "आबा, तू त्या पोरेस्ले हाई सांगं?" साहेबांनी गप्प बसायला सांगितलं.

मग मला विचारलं, हे तुम्हीच बोललात?

मी हो म्हटलं. आणि म्हटलं की ते खोटं आहे. ८६ साली पाणी अडलं होतं, मी अडवलं होतं, भावाच्या कांद्यासाठी. अभिमनच्या बापाचा गहू माझ्यामुळे गेला. निकाल झाला, मी सही केली. नातीसमोर लाज वाटली म्हणून बोललो नाही. निकालाचा कागद मी जाळला. सगळं एका दमात सांगितलं, साहेबांनी खुर्ची दिली. वाटलं, आता चारी मोकळी होईल.

कंपनीचा वकील आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, साक्षीदार स्वतःच सांगतात की ते खोटं बोलतात आणि सरकारी कागद जाळतात. आता यांचं कोणतं बोलणं धरायचं, ते आपण ठरवा."

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मला विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, नाही.

बाहेर लिंबाखाली बसलो. आपली माणसं टेम्पोकडे गेली, मला कोणी हाक मारली नाही. सुलक्षणा आली आणि जमिनीवरच बसली, चांगल्या कपड्यांत.

मी म्हटलं, तुला कळू द्यायचं नव्हतं.

ती म्हणाली, "आबा, वादातली जमीन स्पर्धेत चालत नव्हती. नियमच होता. जुना निकाल आहे एवढं तुम्ही तेव्हा सांगितलं असतं, तर आम्ही त्याच संध्याकाळी दुसरं गाव घेतलं असतं."

ती हे मला दोष द्यायला बोलली नाही. सहज बोलली. मग विचारलं, गाडीने सोडू का. मी एस.टी.ने आलो.

२२ डिसेंबर

निकाल लागला. अर्ज फेटाळला. वर अपील करता येतं, वकील म्हणतो, पण त्याचा आवाज तसा नव्हता.

शेपटाच्या वावरांत यंदा पेरणीच नाही. वरच्या अंगाला काहींनी हरभरा टाकला, ज्याला जे सुचलं ते. एक पीक ठरवायला कोणी बसलंच नाही. नऊ जणांनी कंपनीला जमीन दिल्याचं कळतं. पुस्तकात दीड-दोन वर्षं लिहिलं होतं. सहा महिने झाले.

संध्याकाळी अभिमन आला. कचेरीनंतर पहिल्यांदाच. ओट्यावर बसला. मी चहा ठेवला. त्याने सांगितलं, उद्या धुळ्याला सही करायला जातो आहे, किरणचा नवरा आता ऐकत नाही. भाव निम्म्याहून कमी आहे. मला काही म्हणायला जागा नाही.

चहा पिऊन झाला तरी तो उठेना. शेवटी म्हणाला, "मना बाप तुले कधी काही बोलना नही. मी बी बोलाव नही."

मग कप विसळून पालथा ठेवला, चप्पल घातली आणि गेला.

बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं.